एका हाताचा चुडा

नव्या फरसबंदीवर गोदू थुंकली नाही, हा तिचा मोठेपणा. तोंडात आलेलं तिनं गिळलं आणि कापडआळीच्या तोंडाशी उभी राहून ती बघत राहिली. भिवंडीची ही जुनी आळी आठ महिने खणून ठेवली होती, आणि आता उघडली तर ओळखू येईना. लाल-करड्या ठोकळ्यांची वाट, मधोमध कुंड्या, बसायला लोखंडी बाकडी, आणि एवढ्याशा गल्लीत नाकापेक्षा मोती जड असे नक्षीदार दिव्यांचे खांब. सगळ्या दुकानांच्या पाट्या एकाच चॉकलेटी रंगाच्या. खेड्यातली म्हातारी पाटी वाचत नाही, पाटीवरचा मोर बघून दुकानात शिरते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गटार मात्र जिथल्या तिथं होतं, त्यावर झाकणं तेवढी नवी बसली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा. आज उद्घाटन, म्हणून झाकणांवर अत्तराचं पाणी मारलं होतं. त्या दोन वासांची खिचडी नाकात शिरली तशी गोदूनं पदर नाकाला लावला.

गोदू कासारीण. भावेशच्या कापडदुकानाच्या ओट्यावर चौतीस वर्षं बसलेली, आणि तिच्याआधी तिची सासू. पूर्णा, वडपे, पार अंबाडीकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला टेंपो भरून या आळीत येत. साड्या घेऊन झाल्या की नवरीला ओट्यावर गोदूसमोर बसवत. हिरवा चुडा भरल्याशिवाय टेंपो परत फिरत नसे. नवरीचा हात हातात घेतला की अंगठ्याचं हाड दाबूनच गोदूला कळे, ही पोर खाडीत जाळं ओढणारी की कॉलेजात पेन धरणारी. भावेशचा बाप म्हणायचा, गोदू आहे म्हणून बस्ता आपल्याकडं येतो. त्यानं कधी तिला ओट्याचं भाडं विचारलं नाही.

बाप गेला आणि भावेश बाजार सुशोभीकरण समितीचा अध्यक्ष झाला. पहिला घाव ओट्यावरच पडला. फुटपाथ मोकळा हवा, आळीत मॉलसारखं गिऱ्हाईक यायला हवं, असं सगळ्या दुकानदारांनी ठरवलं. बसणाऱ्या बायांना भाजीबाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा दिली. तिथं कुत्रीसुद्धा नाइलाजानं जात. जिथं नवरीच येणार नाही तिथं कासारणीनं बसायचं कुणासाठी? गोदू चार वेळा भावेशकडं गेली. चारही वेळा तो "बघतो काकी" म्हणाला आणि मोबाइलमध्ये बघत राहिला. त्याच्या बारशाला जेवलेली बाई ती. त्या गुळगुळीत चेहऱ्याची तिला शिसारी आली.

आणि परवा हाच भावेश आपण होऊन तिच्या घरी आला. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या बायकोला दुकानासमोरच्या नव्या बाकावर बसवून चुडा भरायचा होता. आपली परंपरा फोटोत दिसायला हवी, असं त्याचं म्हणणं. गोदूनं विचारलं, आणि त्यानंतर? त्यानंतरचं नंतर बघू, तो म्हणाला. परंपरा फोटोपुरती हवी, बाई नको. गोदू हो म्हणाली. ती का हो म्हणाली, हे भावेशला कळलं नाही.

झालं ते असं. पाहुण्यांची बायको बाकावर बसली, गोदू खाली पोत्यावर. बाई भली होती. पदर सावरून तिनं डावा हात पुढं केला आणि सावकाश भरा म्हणाली. गोदूनं हात चोळून मऊ केला आणि एकेक करून अकरा बांगड्या चढवल्या. एकही वाढली नाही. लोकांनी मोबाइल उंच धरले होते. बाईनं उजवा हात पुढं केला, आणि गोदूनं आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले.

एक हात भरून बाई उठत नाही आणि कासारीण उठवत नाही. अर्धा चुडा म्हणजे नवऱ्याच्या जिवाला घोर, हे या भागात शेंबड्या पोरीलाही ठाऊक. चौतीस वर्षांत दोन हातांच्या मधे गोदू पाणी प्यायलासुद्धा थांबली नव्हती.

"भावेश," ती म्हणाली, "उद्यापासून मी कुठं बसू, ते सांग. मंग दुसरा हात भरते."

भावेश आधी हसला. मग त्याच्या कपाळावर घाम आला. पाहुणे घड्याळ बघू लागले, कुणीतरी गोदूवर ओरडलं, पण ती हलली नाही. बाईचा चेहरा पांढरा पडला होता. ती खेड्यातलीच लेक, तिला सगळं कळत होतं. ती हळूच म्हणाली, "भाऊ, सांगा ना त्यांना. माझा हात रिकामा आहे."

इथंच, याच जागी बसायचं, कुणी उठवणार नाही, असं भावेशनं माइकवरून सांगितलं. गोदूनं उजवा हात भरला. तो हात बर्फासारखा गार होता. रिवाजाप्रमाणं बाई वाकून तिच्या पाया पडली, पण वर गोदूच्या डोळ्यांत तिनं बघितलं नाही. त्या दिवशी गोदूला भावेशची किळस आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची आली. घरी जाऊन तिनं तीनदा साबणानं हात धुतले.

भावेशनं शब्द पाळला, हे खरं. एवढ्या लोकांच्या मोबाइलात सापडल्यावर न पाळून जातो कुठं! गोदू दुकानाच्या दाराशी पोतं टाकून बसू लागली. आठ दिवस कुणी आलं नाही. नव्या पाट्यांमुळं लोकांना दुकान सापडत नसेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

नवव्या दिवशी पूर्णा गावची पार्वती आपल्या लेकीचा, उन्नतीचा, बस्ता बांधायला आली. पार्वतीचा स्वतःचा चुडा गोदूनंच भरलेला. साड्या घेऊन मायलेकी बाहेर आल्या. पोर आपणहून गोदूसमोर बसली आणि तिनं हात पुढं केला. गोदूनं तो हातात घेतला. पेन धरणारा हात, मऊ, अंगठा लवचीक. इतक्यात पार्वतीनं पोरीला खांद्याला धरून उठवलं.

"राग मानू नको, काकी," ती म्हणाली. "आमी मोबाइलवर बघितला हाय. तुजं काय चुकला न्हाय, मना ठावं हाय. पन माजी पोर हाय. अर्ध्यावर हात सोडनारी न्हाय चालाची."

गोदूनं पोरीचा हात सोडला. पार्वतीच्या जागी ती असती, तर तिनंही पोरीला असंच उठवलं असतं.