शब्दांना नोकऱ्या लावणारे मामा

मराठीतला एकही शब्द उपाशी मरू द्यायचा नाही, असा पण केलेला माणूस अख्ख्या जर्मनीत एकच आहे आणि तो नेमका आमच्या ह्यांचा सख्खा मामा आहे. न्युरेम्बर्गच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं जुळवून मामा निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बेकार मराठी शब्दांना नोकऱ्या लावायला घेतल्या. नव्या वस्तूसाठी नवा शब्द घडवणं त्यांना मुळीच पसंत नाही. तसले शब्द म्हणे सरकारी पाटीवर चढतात, जिभेवर नाही. "घरात काम नसलेले शब्द काय थोडे बसलेत, सूनबाई? त्यांना हाक मारायची." तेव्हापासून नव्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीला, आनमेल्डुंगला ते 'वर्दी' म्हणतात, आणि रविवारी भिंतीत खिळा ठोकू न देणाऱ्या शांततेच्या नियमाला, रूहेत्साइटला 'सामसूम'. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला त्यांनी 'चौगुला' करून टाकलंय. गावच्या पाटलाच्या हाताखालचा हा मान त्या गोऱ्या माणसाला कोणी समजावून सांगितलेला नाही, पण हाक ऐकून तो खूश होतो आणि मामा गावाला गेले की त्यांच्या झाडांना पाणी घालतो.

प्रत्येक शब्दाला जर्मन रिवाजाप्रमाणे सहा महिन्यांचा प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ असतो. तेवढ्या काळात तो कोणाच्या तरी तोंडून आपसूक निघाला, तर मामा पेढे वाटतात. पेढ्यांसाठी आम्ही मुद्दाम 'वर्दी, वर्दी' केलेलं त्यांना चालत नाही. त्याला ते फितवलेला साक्षीदार म्हणतात. पॉवर बँकेला त्यांनी 'शिदोरी' नेमली, तेव्हाची गोष्ट. येना शहराला जाताना गाडीत त्यांच्या फोनने मान टाकली. मामा म्हणाले, "शिदोरी काढ बघू." मी निमूटपणे थालीपिठं काढली. मामांनी ती लोणच्याशी मिटक्या मारत खाल्ली आणि हात पुसत म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे हा शब्द जुनी नोकरी सोडायला तयार नाही." मी खूप हसले होते. खरं सांगायचं तर मला हे सगळं निवृत्त माणसाचं खूळच वाटायचं, आणि पाहुण्यांसमोर ते सुरू झालं की मी चहाच्या निमित्ताने आत पळायचे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई, म्हणजे मामांची थोरली बहीण, कराडजवळच्या गावाहून आमच्याकडे आल्या आणि एका सकाळी ओट्याशी उभ्या उभ्या कोसळल्या. हृदयाचे ठोके मध्येच चुकतायत, पेसमेकर बसवल्याशिवाय धोका टळणार नाही, असं इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं. ह्यांनी परोपरीने समजावलं. "आई, छोटीशी बॅटरी असते गं. एक लीड हार्टमध्ये जाते, ती इम्पल्स देते." सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. "यंत्रावर चालायला मी काय गिरणी आहे? आणि माझी वेळ आली तरी ते चालूच राहिलं, तर जीव जायचा कुठनं?" डॉक्टरांकडे याचं उत्तर जर्मनमध्ये होतं, ह्यांच्याकडे इंग्रजीत होतं. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मामा तोवर दाराशी उभे होते. एरवी त्यांना गप्प बसवावं लागतं, त्या दिवशी चेहरा पार उतरला होता. शेवटी त्यांनी खुर्ची पलंगाला भिडवली.

"अक्का, गावातला जागल्या आठवतो का?"

"न आठवायला काय झालं? रात्रभर काठी आपटत फिरायचा."

"तो आपलं घर चालवायचा का?"

"तो कशाला चालवेल, बाळ्या? घर आपले आप्पा चालवायचे. तो नुसता जागा असायचा."

"मग हा तसाच जागल्या. हृदय तुझं तूच चालवायचंस. ते पेंगलं की हा काठी आपटणार, एरवी गप्प."

सासूबाई मामांकडे वळल्या. "आणि मी निघाले म्हणजे?"

मामांनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "जागल्या चोराला अडवतो, अक्का. घरचं माणूस पहाटे निघालं, तर तो कंदील धरतो."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. "मग बसवा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी जागल्या कामावर रुजू झाला. सगळं व्यवस्थित पार पडल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि ह्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. मामा मात्र बाहेरच्या बाकावर बसून होते. मी त्यांना हसवायला म्हटलं, "मामा, हा शब्द पहिल्याच दिवशी कायम झाला."

ते हसले नाहीत. "सूनबाई, जागल्या म्हटल्यावर ती काठी कानात वाजणारी आता आम्ही दोघंच उरलोय. अक्का गेली असती, तर मी हा शब्द कोणाला सांगणार होतो?"

मी त्यांच्याशेजारी बसले. अर्धवट उघड्या दारातून सासूबाईंचं घोरणं ऐकू येत होतं आणि मामा डोळे मिटून ते ऐकत होते.