बाबांनी न दिलेली खबर

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा विजेचा आकडा पकडला गेला की पहिला प्रश्न एकच असायचा, खबर कुणी दिली? चोरी कुणी केली हे कुणी विचारत नसे, कारण ती सगळ्यांनीच केलेली. भिवंडीच्या कामतघरात तेव्हा दिवसाचे तासन्‌तास लाइट नसायची, आणि असायची तेव्हा अर्ध्या गल्लीची वीज खांबावरून फुकट उतरायची. वीजवाल्यांचं स्कॉड आलं की वायरी पटापट खाली, आणि स्कॉड गेलं की खबऱ्याचा शोध सुरू. कुणीतरी सापडायचाच. नाही सापडला तर ठरवला जायचा.

तळमजल्यावर मुकादमकाका राहायचे. एका लूमच्या कारखान्यात मुकादम होते, म्हणून सगळे त्यांना मुकादमच म्हणायचे. त्यांचा मोठा मुलगा काल्हेरला गोदामात कामाला होता. त्याने केबलवाल्याकडून इंटरनेटची वायर घेतली होती. नवा पिक्चर लागला की एक-दोन दिवसांत तो एका साइटवरून उतरवायचा, सीड्या काढायचा, आणि त्या सीड्या आख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरायच्या. आमच्या घरातही यायच्या. मी बघायचे, आई बघायची. बाबा बघायचे नाहीत.

बाबा टॉकीजला बुकिंगच्या खिडकीवर बसायचे. म्हणजे तिकडे ते ज्या पिक्चरची तिकिटं विकायचे, तोच पिक्चर इकडे त्यांचे शेजारी फुकटात बघून मोकळे. पण बाबांनी कधी कुणाला एका शब्दाने टोकलं नाही. माझे बाबा भांडणाच्या कामाचे नव्हतेच. मला याचा फार संताप यायचा, अजून येतो.

मग एक दिवस मुकादमाच्या कॉम्प्युटरवर साइटच्या जागी नुसतं पांढरं पान आलं. सरकारी आदेशाने ही साइट बंद केली आहे, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. मुलाने दहा वेळा उघडून पाहिली, केबलवाल्याला शिव्या घातल्या, केबलवाला म्हणाला वरूनच बंद आहे. आता वरून म्हणजे कुठून, हे आमच्या लोकांना कसं कळणार? त्यांच्या लेखी वरून म्हणजे स्कॉड. आणि स्कॉड आलं म्हणजे कुणीतरी खबर दिली.

संध्याकाळी मुकादम वर आले. चहा घेतला नाही, उभ्यानेच बोलले.

"भाऊ, हे काय बरं नाय केलं तुम्ही."

"काय केलं?" बाबांना खरंच कळलं नव्हतं.

"खबर तुम्हीच दिली ना? तुमच्याच पोटावर पाय येत होता."

"न्हाय हो मुकादम. मला काय कळतंय त्या कॉम्प्युटरमधलं?"

"तुम्हाला न्हाय कळत. पोरगी शिकतेय की कॉलेजात."

मी आतून ओरडले, "काका, तोंड सांभाळून बोला!" झालं! खबर दिल्याचा दुसरा पुरावा मीच दिला म्हणायचा.

दुसऱ्या दिवसापासून आमचं पाणी बंद झालं. टाकीचा व्हॉल्व्ह मुकादमांच्या बायकोच्या हातात. आमच्या नळाची वेळ आली की तिला नेमकी देवपूजा आठवायची. आई खाली गेली की गप्पा थांबायच्या. जिन्यातल्या आमच्या चपला रोज गटारात. एकदा सकाळी दार उघडलं तर दाराला तुटक्या सीड्यांचा हार! आईने तो काढला, सुटा केला आणि कबुतरं हाकलायला त्याच सीड्या खिडकीत बांधल्या, खालून सगळ्यांना दिसतील अशा. मेल्यांनो, बघा, म्हणाली. मला तेव्हा आईचा भारी अभिमान वाटला.

मी गप्प बसणारी नव्हते. नाशिकच्या मावसबहिणीला फोन लावला. तिला म्हटलं, सायबर कॅफेत जा आणि ही साइट उघड. तिथेही तेच पांढरं पान! कॉलेजातल्या मैत्रिणीचा भाऊ बंगलोरला होता, त्याच्याकडेही तेच. म्हणजे साइट आख्ख्या देशात बंद होती. कामतघरच्या बुकिंग क्लार्कच्या सांगण्यावरून कोण आख्खा देश बंद करतो? मला इतका आनंद झाला की मी कॉलेजातून रिक्षा करून घरी आले. खाली अंगणातच सगळ्यांना सुनावायचं, मुकादमाचं तोंड बंद करायचं, असं ठरवूनच आले होते.

बाबा त्या दिवशी लवकर घरी आलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी उठून आधी दार लावलं.

"बोलू नको कुणाला," म्हणाले.

"का?"

तेव्हा कळलं. टॉकीजला बुकिंगवर दोन माणसं होती आणि शेठला एकच ठेवायचा होता. कुणाला काढायचं हे ठरत नव्हतं. आमच्या गल्लीतले लूमवाले कामगार शुक्रवारी सुट्टीला पिक्चरला जायचे, त्यांच्या तोंडून शेठच्या कानावर गेलं की साइट बाबांनी बंद पाडली. शेठ खूश! बाबांना केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. "असली आदमी तो तू निकला," म्हणाला. आणि दुसऱ्याला त्याच दिवशी घरी बसवलं. तो दुसरा बाबांच्याही आधीपासून खिडकीवर होता.

"तुम्ही सांगितलं नाही, मी नाही केलं म्हणून?"

"न्हाय सांगितलं."

आई म्हणाली, "आणि आम्ही काय करायचं हितं? पाण्यावाचून मरायचं?"

"पाणी मी आणीन," बाबा म्हणाले. आणि खरंच आणायला लागले. टॉकीजच्या नळावरून दोन कॅन भरून, सायकलला अडकवून. अंगणातून जाताना पोरं मागून ओरडायची, "खबरीलाल! ए खबरीलाल!" बाबा सायकल सांभाळत जिन्याकडे जायचे.

गणपतीच्या मीटिंगला मुकादमांनी सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, आता तरी खरं सांगा. देवाच्या कामाला बसलोय." मी जिन्यात उभी होते. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर नाशिक, बंगलोर सगळं तयार होतं.

"हो," बाबा म्हणाले, "मीच दिली खबर."

मला रडूच कोसळलं. त्या वर्षी आरतीचं ताट आमच्या दारावरून तसंच पुढे गेलं. हे सगळं पचलं असतं, कारण त्याच सुमारास टॉकीजला एक पिक्चर तुफान चालला, शुक्रवारी बाल्कनी भरली, आणि शेठला वाटलं हे सगळं बाबांच्या खबरीमुळे. बाबा रात्री जेवताना एक पोळी जास्त खायला लागले होते.

पण मुकादमाच्या मुलाला काल्हेरच्या गोदामात कुणीतरी शिकवलं. प्रॉक्सी म्हणतात म्हणे. बाहेरदेशची एक साइट उघडायची, तिच्या चौकोनात बंद साइटचा पत्ता टाकायचा, की ती तुम्हाला मागच्या दाराने आत सोडते. इतकं सोपं! आठवड्याभरात भिवंडीतल्या सगळ्या सायबर कॅफेंत पोरांना ते पाठ झालं. भिंतीवर प्रॉक्सीचे पत्ते लिहून ठेवलेले असायचे. एक बंद पडली की दुसरी. मीसुद्धा कॉलेजच्या बाजूच्या कॅफेत करून पाहिलं, आणि पान खाडकन उघडलं.

बिल्डिंगमध्ये तर दिवाळीच. मुकादमांनी टीव्ही अंगणात काढला, खुर्च्या मांडल्या आणि वर बघून हाक मारली, "भाऊ, या की बघायला! तुमच्याच टॉकीजचा पिक्चर हाय!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ज्या बाईच्या बाळंतपणात माझ्या आईने रात्र जागून काढली होती, तीसुद्धा हसली. तिला मी आजतागायत माफ केलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी टॉकीजमध्ये पंखेच फिरत होते. शेठने बाबांना बोलावलं.

"बंद तूने करवाया था ना? तो फिर चालू कैसे हुआ?"

प्रॉक्सी हा शब्दही बाबांना धड म्हणता येत नव्हता.

"सेटिंग किया क्या उनसे? कितना खाया?"

बाबा म्हणाले, शेठ, मी काहीच केलं नव्हतं. बंदपण नव्हतं केलं. शेठ हसला आणि म्हणाला, आता हेच सांगणार तू. हिशेब करून त्याच दुपारी घरी पाठवलं. काढलेल्या त्या दुसऱ्या माणसाला परत बोलावलं असतं तरी मला थोडं बरं वाटलं असतं. खिडकीवर शेठने आपला मेव्हणा बसवला.

बाबा आले तेव्हा खाली टीव्ही चालू होता. ते वर न येता अंगणात तसेच उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता सांगतील सगळं. सांगा बाबा, एकदा तरी ओरडा, असं मी मनात म्हणत होते.

"मुकादम," बाबा म्हणाले, "खबर कुठं देतात, तुम्हाला ठावं असंल."

सगळे मागे वळले.

"न्हाय म्हणजे, आधी दिलीच नव्हती मी. देवाशप्पथ. पण आता द्यायची हाय. कुठं जायचं तेवढं सांगा."

मग मुकादमांनी खुर्ची पुढे सरकवली आणि अगदी मायेने म्हणाले, "बसा, भाऊ, बसा. आता कुणाच्या बापाला बंद करता येत न्हाय ते."

आणि मुलाला म्हणाले, आवाज वाढव.