माझ्या प्रबंधाचा वाचक

आमच्या सांगलीच्या कॉलेजात प्रबंधांमधली कॉपी पकडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि किस्से साठत गेले. ऐकणारी माणसं मात्र कमी होत गेली. मी स्टाफरूममध्ये शिरलो की लोकांना एकदम तासाची आठवण होते.

त्यासाठी नेमलेल्या समितीच्या पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी गैरवर्तनाची व्याख्या वाचून दाखवली. लय भारदस्त! शेवटच्या ओळीत भलत्याच कॉलेजचं नाव निघालं. अध्यक्ष म्हणाले, "तेवढं खोडा आणि पुढं चला."

एका मॅडमनी प्रबंधात "पत्नीने दिलेल्या साथीबद्दल" आभार मानले होते. मी दाखवलं तर म्हणाल्या, "आवं सर, ते पान कोण वाचतंय?" त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

एका सरांनी कॉपी पकडणाऱ्या कॉम्प्युटरला, म्हणजे आमच्या 'मशीन'ला, चकवायला शब्दच बदलले. शेळीला त्यांनी 'लघु दुग्धपशू' केलं होतं. मी म्हणालो, "दहिवडीच्या बाजारात लघु दुग्धपशू मागून बघा." ते म्हणाले, "मशीन गप हाय न्हवं? मग तुमी कशाला बोलताय?" त्यांचाही माझ्यासोबतचा चहा बंद झाला.

राहिला मोहिते. आष्ट्याचा. माझ्यासोबत डबा खाणारा तेवढा एकच.

त्याचा प्रबंध आला, माण तालुक्यातल्या मेंढपाळांवर. मशीननं काही पकडलं नाही, कारण मूळ प्रबंध कधी कॉम्प्युटरवर चढलाच नव्हता. तो माझा होता. वीस वर्षं लायब्ररीच्या कपाटात पडलेला.

मी विचारलं तर मोहिते डब्यातलं लोणचं माझ्या झाकणात वाढत म्हणाला, "चोरलंय कुठं रं? तुझं म्हंजी घरचंच हाय की. तू गप बसलास तर कुणाला कळतंय?"

खरंच कुणाला कळलं नसतं. तो प्रबंध परीक्षकांनंतर कुणी उघडला नव्हता. माझ्या बायकोनंसुद्धा नाही. मोहितेनं तळटिपांसकट सगळा वाचला होता. खोटं कशाला बोलू, राग यायच्या आधी मला बरं वाटलं. मेंढ्यांच्या तक्त्यात माझी एक बेरीज चुकली होती. परीक्षकांना दिसली नव्हती. मोहितेनं ती दुरुस्त केली होती.

दोन दिवस मी कागद पुढ्यात घेऊन बसलो. मग रिपोर्ट लिहिला. काही लपवलं नाही. तेव्हापासून मी डबा एकटाच खातो.

रिपोर्टात शेवटी एक रकाना असतो, 'उमेदवाराचे स्वतःचे योगदान'. त्यात मी लिहिलं, 'पान एकशे बारा. बेरीज बरोबर आहे.'