तिखट कमी पडलेली वांगी

शेजारचे काका गेले, त्या दिवशी आमच्या ओळीत कुणाकडेही चूल पेटली नाही.

एकट्यानं जेवणं हा आजारच आहे, असं मानणारा त्यांच्यासारखा माणूस साऱ्या अकोल्यात दुसरा नसेल. ताट वाढलं की ते दारात येऊन उभे राहत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारत. पोस्टमन तर आमची गल्ली पळतच पार करी. एकदा अकोटच्या एस.टी.त त्यांनी डबा उघडला आणि कंडक्टर दोन घास खाईना म्हणून घंटीची दोरीच धरून बसले. "भाकरीपेक्षा गाडी मोठी हाये का बाप्पा?"

दर हिवाळ्यात ते सगळ्या ओळीला बागेत अंगतपंगतीला नेत. भाकरी काकांच्या घरच्या, बाकी ज्यानं त्यानं आपल्या मनानं आणायचं. हिवाळ्यात वऱ्हाडी माणसाच्या मनात काय असतं, हे मात्र त्यांना कधी सुचलं नाही. आम्ही राहायला आलो त्या वर्षी तर एकूण एक डब्यातून वांगी निघाली.

आम्ही बौद्ध झालेलो, ओळीत नवे. आमच्याकडचा चहा लोक "आत्ताच घेतला" म्हणून टाळत. माझ्या पत्नीनं आपला डबा पदराआड ठेवला होता.

काकांनी मोठं पातेलं पुढं ओढलं. "सगळ्यायचे वांगे याच्यात ओता. कोनाचे कोनते, भानगडच नको!"

पत्नी हळूच म्हणाली, "आमचे नका मिसळू, काका. ज्याले खायचे त्यानं आमचे म्हणून खावे."

काकांनी पातेलं बाजूला सारलं, आमच्या डब्यापुढं मांडी घातली, भाकरी मोडली. मग अकोटच्या काकूंकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमच्याहून बरे हायेत."

या काकू ओळीत सगळ्यांत सोवळ्या. पण वांग्यांचा अभिमान त्या सोवळ्याहून कडक. "काहून? असे काय सोन्याचे हायेत? आना इकडे!"

त्यांनी एक फोड तोंडात टाकली. पत्नीनं माझी बाही घट्ट धरली होती. काकू बराच वेळ चावत राहिल्या.

"तिखट कमी पडलं, बाई. उद्या घरी ये, मसाला कसा वाटा लागते ते दावतो."

पत्नीनं बाही सोडली आणि हसू लागली. आपल्या स्वयंपाकाला नाव ठेवल्यावर इतकी आनंदलेली बाई मी पाहिलेली नाही. काका तोवर बागेच्या माळ्याला जेवायला ओढत आणत होते.

आता काका नाहीत. आम्ही दर हिवाळ्यात बागेत जातो. काकू सगळ्यांत आधी आमचा डबा उघडतात आणि तिखट कमी आहे म्हणतात.