दत्ताच्या होकारासाठी अडलेलं

सगळे मला सांगत होते, दत्ताचं नाव काढून टाक.

दत्ता म्हणजे माझा नेकनूरचा मित्र. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

घरोघर केबल आली होती आणि लाइटचा मात्र पत्ता नसायचा, तेव्हाची गोष्ट. बीडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. तिथं दत्तानं एक प्रोग्राम लिहिला. गावाला कधी किती वीज लागते, पवनचक्की नाहीतर सोलर बसवलं तर किती भागेल, असा सगळा अंदाज त्यात निघायचा.

आणि येईल त्याला फ्लॉपीवर फुकट!

मी म्हणलो, "येडा हायस का बे? पासवर्ड तरी टाक."

"कावून? चार लोकायनी उघडून बघितल्याबिगर चूक कशी सापडंल?"

पुढं बीडात सायबर कॅफे आला, प्रोग्राम नेटवर चढला. एक दिवस जर्मनीतून एकाचा मेल. बिचाऱ्यानं फार काळजीनं विचारलेलं, तुमच्या पिठाच्या गिरणीत एवढे दिवे कशाला लावता?

आम्ही चक्रावलो. मग ट्यूब पेटली. दत्तानं सगळीकडं इंग्रजीत 'लाइट'च लिहिलं होतं! मोटारीची लाइट, गिरणीची लाइट. आपल्याकडं वीज म्हणतं का कुणी? तो तिकडं बल्ब मोजत बसलेला.

हसून हसून पोट दुखलं. कॅफेवाला ओरडला.

दत्ता मात्र लई खूश. "बघ बे, तिकडच्या माणसानं आपली गिरणी उघडून बघितली!"

मग कुठून कुठून लोक जोडले गेले. कुणी काही सुधारलं की आधी दत्ता बघणार, मग ते प्रोग्राममध्ये जाणार. केस पिकले तरी रोज संध्याकाळी बसायचा. पटलं नाही की मला फोन.

"ह्यानं आसं कावून केलं आसंल बे?"

तासभर भांडायचो. आता संध्याकाळ खायला उठते.

वर्षभर लोकांनी पाठवलेलं सगळं अडकून पडलं होतं. होकार त्याचाच लागायचा. होकार देणारा म्हणून त्याचं नाव काढून माझं टाकायची सोय होती, पण माझ्यानं होईना. नाव दिसलं की वाटायचं, चहाला उठलाय, येईल.

परवा केनियातल्या एका मुलीनं लिहिलं, "सर, मी पाठवलेलं आमच्या गावासाठी वापरायचंय. पुढं जाऊ द्या ना."

आज सकाळी त्याचं नाव काढलं. रडलो, खोटं कशाला सांगू.

मग तिचं काम उघडलं. चांगलं केलंय रे दत्ता, पोरीनं. तुला आवडलं असतं, तरी तू भांडलाच असतास.

मी हो म्हणलो. पहिल्यांदाच, तुला न विचारता.

श्रद्धांजली वगैरे मला लिहवत नाही. नीट जा, दोस्ता.