बसा काका

इंजिनिअरची नोकरी सोडून धाकट्याने शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान थाटलं, त्याला तीन वर्षं झाली. ऑफिसात त्याचा जीव गुदमरायचा. इथे गंजून अडकलेलं चाक पुन्हा फिरलं, की त्याचा दिवस सार्थकी लागायचा. वडिलांनी मात्र दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. चारचौघांत ते सांगत, "मुलगा मोठ्या कंपनीत आहे."

एका दुपारी वडिलांचे जुने साहेब बायकोचं मशीन घेऊन आले. मशीन उचलायला त्यांनी वडिलांनाच सोबत आणलं होतं.

"या पोराच्या हातात जादू आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या ओळखीचा आहे का?"

"छे, पहिल्यांदाच बघतोय," वडील म्हणाले. मग मुलाकडे न बघताच त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल हो तुम्हाला?"

त्याने स्टूल पुढे सरकवलं. "अर्धा तास. बसा काका."

त्याने मशीन उघडलं, साफ केलं, तेल दिलं आणि चिंधीवर सरळ शिवण मारून दाखवली. साहेब खूश झाले. वडील रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

त्याच आठवड्यात त्याने वडिलांच्या घरातून आपलं बिऱ्हाड दुकानाच्या माळ्यावर हलवलं. कामात त्याचं मन अजूनही रमतं. आई अधूनमधून येऊन बसते, पण वडिलांचा विषय दोघंही काढत नाहीत.