तीन दिवसांचं पाणी

मुलीच्या बाळंतपणासाठी बायको पोलंडला गेली, त्याला अकरा आठवडे झाले. ठरले होते तेरा. परतीचं तिकीट महिनाअखेरचं आहे. तोवर महाडच्या घरात मी एकटा. सकाळी एक वाटी तांदळाचा भात लावतो, तो संध्याकाळीही उरलेला असतो.

रविवारी दुपारी एकला तिकडून व्हिडिओ कॉल येतो. मागच्या खेपेला मुलगी म्हणाली, तिथल्या सरकारने घरोघरी एक पुस्तिका पाठवली आहे. शेजारच्या देशात युद्ध चालू आहे. काही झालंच, तर पहिले तीन दिवस प्रत्येक घराने आपलं आपण निभावायचं. युरोपने संरक्षणासाठी अमेरिकेवर किती विसंबायचं, यावर तिकडे रोज वाद.

"इथलं सरकार म्हणतं, आपली फौज वाढवायची, पण अमेरिकेचा हातही सोडायचा नाही," ती म्हणाली.

हे मी शेजाऱ्याला सांगितलं. तो मूळचा जवळच्याच कापडे गावचा, इथल्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. मोटरसायकल पुसता पुसता म्हणाला, "आपलं बरं हाय ओ भाऊ. आपण कुणाच्या गटात नाय."

"आणि पुरात माझ्या माळ्यावर दोन दिवस कोण बसलं होतं?"

"तो गट नाय, शेजार झाला," तो हसला. "नि चाय वयनींनी दिली. तुम्ही नुसतं पायरीवरचं पाणी मोजत होता."

खरं होतं ते. दर पावसाळ्यात मी माळ्यावर पाण्याचे कॅन, पोहे, औषधं, मेणबत्त्या आणि दोर नेऊन ठेवतो. पाणी माणशी रोज चार लिटर धरतो. त्याच मापाने मुलीसाठी यादी केली. ती, जावई आणि बाळ: तीन माणसं, तीन दिवस, छत्तीस लिटर. बाळाचेही पूर्ण चार धरले, बाटल्या धुवायला लागतात. शेवटी लिहिलं, 'सर्व सामान माळ्यावर ठेवणे.' यादीचा फोटो पाठवून दिला.

पुढच्या रविवारी मुलगी हसतच बोलली. "बाबा, हे पुराचं नाही. इथे वर नाही जायचं. तळघरात उतरायचं."

लहानपणापासून संकट म्हणजे खालून चढणारं पाणी. वरून काही येणार असेल, तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. बाळाला घेऊन सगळे इकडेच या, असं जिभेवर आलं होतं. पण दर पावसाळ्यात पायऱ्या मोजणाऱ्याने ते कोणत्या तोंडाने म्हणायचं?

फोन बायकोने घेतला. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"अहो, यादी छान आहे. पाणी तेवढं कमी धरलंत."

"बाळाचं धरलंय की."

"चार माणसांचं धरा," ती हळू आवाजात म्हणाली.

तिकिटाचं मी विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही.

फोन ठेवल्यावर यादीतले छत्तीस खोडून अठ्ठेचाळीस केले. माळा खोडून तळघर लिहिलं. मग आमच्या माळ्यावर जाऊन कॅन पाहिले. दोन माणसांचं, तीन दिवसांचं पाणी भरलेलं होतं. एका माणसाला ते सहा दिवस पुरेल.